शासकीय सांख्यिकीय तक्त्यांचे वाचन : स्त्रियांच्या श्रमाच्या नोंदीच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

सामाजिक शास्त्रांतील बहुतेक लेखन शासकीय आकडेवारीचा आधार घेते. मात्र तो आधार घेताना तक्त्यातील आकडा उचलला जातो आणि तक्ता मागे राहतो. शीर्षक, छेद, संदर्भकाल, व्याख्या व तळटीप यांपासून तुटलेला आकडा बरोबर असूनही चुकीचा निष्कर्ष देऊ शकतो. प्रस्तुत लेखात भारतीय जनगणना, आवधिक श्रमबल सर्वेक्षण आणि वेळेच्या वापराचे सर्वेक्षण या तीन स्रोतांतील स्त्रियांच्या श्रमविषयक तक्त्यांची चिकित्सा केली आहे. तक्ता हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते आणि म्हणून प्रथम तो प्रश्न वाचला पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जनगणना, कार्यसहभाग दर, श्रमबल, सीमांतिक कामगार, छेद, संदर्भकाल, विनामोबदला श्रम.

प्रस्तावना

साहित्यकृतीचे वाचन कसे करावे याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तक्त्याचे वाचन कसे करावे हा विषय मात्र सांख्यिकीच्या पाठ्यपुस्तकावर सोपवून आपण मोकळे होतो. पाठ्यपुस्तकात मध्य, बहुलक व प्रमाण विचलन यांची सूत्रे असतात; जनगणनेच्या तक्त्यासमोर विद्यार्थी बसला असता त्याने डोळे प्रथम कोठे ठेवावेत हे तेथे सांगितलेले नसते. परिणामी चर्चासत्रांतील शोधनिबंधांत एक ठराविक पद्धत आढळते. दोन वर्षांचे दोन आकडे शेजारी मांडायचे, त्यांची वजाबाकी करायची आणि तिला ‘प्रगती’ किंवा ‘अधोगती’ असे नाव द्यायचे. त्या दोन वर्षांत प्रश्न तोच विचारला गेला होता काय, ही चौकशी सहसा होत नाही.

ही उणीव केवळ पद्धतिशास्त्रीय नाही. रोजगार, शिक्षण, मजुरी यांविषयीची धोरणे आकड्यांवर बेतली जातात. ज्याची मोजणी होत नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. या दृष्टीने स्त्रियांच्या श्रमाचे तक्ते विशेष बोलके आहेत. शेतात राबणारी तीच स्त्री एका तक्त्यात कामगार ठरते, दुसऱ्यात सीमांतिक कामगार ठरते आणि तिसऱ्यात ती ‘बिगर कामगार’ या स्तंभात जाऊन बसते. तिचे काम बदललेले नसते; तिला विचारलेला प्रश्न बदललेला असतो.

तक्त्याची अंगे आणि वाचनाचा क्रम

कोणत्याही शासकीय तक्त्याची पाच अंगे डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्यातील आकड्याला हात लावू नये. पहिले शीर्षक : त्यात विषय, प्रदेश, वर्ष आणि एकक दिलेले असते. दुसरे स्तंभ व ओळींची शीर्षके : टक्केवारी आडवी काढली आहे की उभी, म्हणजेच शंभर कशाचे मानले आहेत, हे तेथे कळते. तिसरा छेद : दर काढताना कोणाला मोजले व कोणाला वगळले. चौथा संदर्भकाल : प्रश्न गेल्या आठवड्याविषयी आहे की गेल्या वर्षाविषयी. पाचवी तळटीप : तक्ता करणाऱ्याने वाचकाला दिलेली सूचना.

छेदाचे महत्त्व साक्षरतेच्या मालिकेवरून सहज ध्यानात येते. १९५१, १९६१ व १९७१ या वर्षांचे साक्षरतेचे दर ५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. १९८१ पासूनच्या प्रचलित मालिकेत ते ७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. त्यामुळे १९७१ चे ३४.४५ टक्के आणि १९८१ चे ४३.५७ टक्के यांची थेट वजाबाकी ग्राह्य ठरत नाही. १९७१ चाच छेद कायम ठेवला तर १९८१ चा दर सुमारे ४१.४ टक्के येतो. नऊ टक्केबिंदूंची म्हणून सांगितलेली वाढ प्रत्यक्षात सातची असते. उरलेले दोन बिंदू केवळ पाच व सहा वर्षांची मुले छेदातून वगळल्यामुळे वाढलेले आहेत.

तळटिपेचे महत्त्वही असेच आहे. १९८१ ची जनगणना आसामात व १९९१ ची जम्मू-काश्मीरमध्ये झाली नाही. २००१ ची भारताची लोकसंख्या कोठे १,०२,८६,१०,३२८ तर कोठे १,०२,८७,३७,४३६ अशी दिलेली आढळते. हा मुद्रणदोष नव्हे. मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील माओ मराम, पाओमाता व पुरुल या तीन उपविभागांतील गणनेचे निष्कर्ष रद्द करण्यात आले होते. पहिल्या आकड्यात हे उपविभाग वगळलेले आहेत, तर दुसऱ्यात त्यांची अंदाजित लोकसंख्या मिळवलेली आहे. तात्पुरते व अंतिम आकडे यांचा भेदही येथेच नोंदवावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ० ते ६ वयोगटाचे लिंग गुणोत्तर तात्पुरत्या तक्त्यात ८८३ होते. अंतिम तक्त्यात ते ८९४ झाले. २००१ मधील ९१३ शी तुलना करता घसरण दोन्ही आकड्यांत आहे व ती गंभीरच आहे. तथापि तिचे मोजमाप अंतिम तक्त्यावरूनच केले पाहिजे.

तीन कोटी स्त्रिया कोठे गेल्या?

१९६१ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५.९ कोटी स्त्रियांची नोंद कामगार म्हणून झाली होती. १९७१ मध्ये ही संख्या सुमारे ३.१ कोटींवर आली. स्त्रियांचा कार्यसहभाग दर सुमारे २८ टक्क्यांवरून सुमारे १२ टक्क्यांवर घसरला. याच दशकात देशाची लोकसंख्या सुमारे ४४ कोटींवरून ५५ कोटींच्या घरात गेली होती. पुरुषांच्या दरातही घट झाली, पण ती सुमारे ५७ टक्क्यांवरून सुमारे ५३ टक्क्यांपर्यंतची, म्हणजे तुलनेने अल्प होती. दहा वर्षांत जवळजवळ तीन कोटी स्त्रियांनी काम सोडले, असा या दोन आकड्यांचा शब्दशः अर्थ होतो. तसा एखादा उत्पात शेतीत किंवा उद्योगात घडल्याचे दिसत नाही. तेव्हा उत्तर शेतात शोधण्यापूर्वी प्रश्नावलीत शोधणे क्रमप्राप्त ठरते.

१९६१ मध्ये शेती, पशुपालन, घरगुती उद्योग यांसारख्या हंगामी कामांसाठी कसोटी उदार होती. हंगामाच्या बहुतांश काळात दिवसाला एक तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामगार मानली जाई. १९७१ मध्ये प्रत्येक व्यक्तीचे ‘मुख्य कार्य’ कोणते, हा प्रश्न प्रथम आला. जी स्त्री मुख्यतः घरकाम करते व त्याबरोबरच कुटुंबाच्या शेतीत हातभार लावते, तिचे मुख्य कार्य घरकाम ठरले. तिचे शेतीकाम दुय्यम म्हणून स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय होती. परंतु मुख्य तक्त्यात ती बिगर कामगारांत गेली. पहाटे चूल पेटवून नंतर दिवसभर खुरपणीला जाणाऱ्या बाईला ‘तुमचे मुख्य काम कोणते?’ असे विचारले असता ती काय सांगेल, किंवा तिच्या वतीने घरातील पुरुष काय सांगेल, हे वेगळे सांगावयास नको.

१९८१ मध्ये हा दोष ओळखून त्रिविध वर्गवारी स्वीकारली गेली. वर्षात १८३ दिवस वा अधिक काम करणारे मुख्य कामगार, त्याहून कमी काम करणारे सीमांतिक कामगार आणि अजिबात काम न करणारे बिगर कामगार. त्या वर्षी स्त्रियांचा मुख्य कामगार म्हणून सहभाग सुमारे १४ टक्के होता. सीमांतिक कामगार मिळवले असता तो सुमारे १९.७ टक्के होई. १९९१ मध्ये प्रश्नातच ‘शेतावर किंवा कौटुंबिक व्यवसायात केलेल्या विनामोबदला कामासह’ असा स्पष्ट उल्लेख घालण्यात आला. हे शब्द अधिक असले की आकडा वाढतो, ही बाब पुरेशी सूचक आहे.

येथे वाचकाने दोन टोके टाळली पाहिजेत. १९६१ चा आकडा खरा व १९७१ चा खोटा, असे म्हणता येत नाही. दोन्ही आपापल्या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आहेत. दुसरीकडे, सर्व घट केवळ व्याख्येमुळे झाली असेही खात्रीने सांगता येणार नाही. त्या दशकात काही प्रमाणात स्त्रियांचा रोजगार खरोखर घटला असणे शक्य आहे. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या अहवालात स्त्रियांच्या घटत्या रोजगाराची गंभीर दखल घेतली होती. मात्र किती घट कामातील व किती व्याख्येतील, हे त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून निघत नाही. वजाबाकीतून फक्त प्रश्न निघतो.

२०११ च्या जनगणनेपर्यंत ही वर्गवारी सुधारत गेली. सीमांतिक कामगारांचे ‘३ ते ६ महिने’ व ‘३ महिन्यांपेक्षा कमी’ असे पोटविभाग पडले. त्या वर्षी स्त्रियांचा एकूण कार्यसहभाग दर २५.५ टक्के होता. हा दर २००१ च्या २५.६ टक्क्यांच्या शेजारी ठेवून ‘स्थिती जैसे थे’ असा शेरा मारला जातो. परंतु त्याच तक्त्यातील पुढचे स्तंभ पाहिले असता २०११ मधील स्त्री कामगारांपैकी सुमारे ४० टक्के सीमांतिक होत्या, तर पुरुष कामगारांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, असे दिसते. खरी बातमी ‘एकूण’ या स्तंभात नसून त्याच्या विभागणीत असते.

सांकेतांक ९२ आणि ९३

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक फेऱ्यांत व २०१७-१८ पासून सुरू झालेल्या आवधिक श्रमबल सर्वेक्षणात प्रत्येक व्यक्तीला तिच्या कार्यस्थितीनुसार दोन अंकी सांकेतांक दिला जातो. ११ म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारी व्यक्ती, २१ म्हणजे कौटुंबिक व्यवसायातील विनावेतन मदतनीस, ३१ म्हणजे नियमित वेतनदार, ५१ म्हणजे सार्वजनिक कामांव्यतिरिक्तची हंगामी मजुरी, ८१ म्हणजे काम शोधणारी बेरोजगार व्यक्ती, ९१ म्हणजे विद्यार्थी. केवळ घरकाम करणाऱ्यांना ९२ आणि घरकामाबरोबरच घरच्या वापरासाठी सरपण, भाजी, वैरण गोळा करणे, शिवणकाम, विणकाम इत्यादी करणाऱ्यांना ९३ हा अंक मिळतो. ९१ व त्यापुढचे सर्व अंक श्रमबलाच्या बाहेरचे आहेत.

२१ व ९३ यांमधील सीमारेषा कागदावर स्पष्ट आहे; अंगणात ती अंधुक होते. घरच्या म्हशीसाठी वैरण आणणारी स्त्री त्या म्हशीचे दूध डेअरीला जात असेल तर कौटुंबिक व्यवसायातील मदतनीस ठरू शकते; अन्यथा ती ९३ मध्ये जाते. भारा तोच, वाट तीच. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या १९९३ च्या आवृत्तीत सरपण गोळा करणे व पाणी आणणे या क्रिया उत्पादनाच्या कक्षेत घेतल्या आहेत, ही बाब येथे लक्षणीय आहे. म्हणजे एका शासकीय चौकटीत जे उत्पादन आहे ते करणारी व्यक्ती दुसऱ्या चौकटीत श्रमबलाबाहेर राहते. नमुना पाहणीला याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. १९७७-७८ च्या फेरीपासून ९२ व ९३ मध्ये नोंदलेल्या स्त्रियांना पूरक प्रश्न विचारण्याची प्रथा पंचवार्षिक फेऱ्यांत होती. ही पूरक कोष्टके उपलब्ध असूनही ती फारशी कोणी उघडत नाही, हा दोष वाचकांचा आहे.

अलीकडील वाढीचा अर्थ

आवधिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. वाढ १८.४ टक्केबिंदूंची आहे, तिला ‘१८.४ टक्के वाढ’ म्हणणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे होय, कारण मूळ दराच्या तुलनेत ती सुमारे ७९ टक्के भरते. ही वाढ १९६१-७१ च्या घटीपेक्षा वेगळ्या जातीची आहे. येथे सर्वेक्षण तेच आहे, वयोगट तोच आहे, व्याख्याही तीच आहे. तेव्हा ती केवळ व्याख्येचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही.

तथापि ती वाढ कोठे व कशात झाली, हे पुढील तक्ते सांगतात. ग्रामीण दर २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला. शहरी दर २०.४ वरून २८ टक्क्यांवर. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारातील स्त्रियांचे प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्के झाले. ‘स्वयंरोजगार’ हा शब्द ऐकताच दुकान, शिलाई यंत्र किंवा बचत गटाचा उद्योग डोळ्यांपुढे येतो. परंतु या ६७.४ पैकी ३६.७ टक्के स्त्रिया कौटुंबिक व्यवसायातील विनावेतन मदतनीस, म्हणजे सांकेतांक २१ मधील आहेत. उरलेल्या ३०.७ टक्क्यांत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आणि अल्पसंख्य मालक येतात. म्हणून ‘स्त्रिया उद्योजक झाल्या’ हे विधान जसे एकांगी, तसेच ‘वाढ पूर्णतः आभासी आहे’ हेही एकांगीच. अधिक स्त्रियांचे काम नोंदले जात आहे, परंतु त्यांतील मोठ्या वर्गाच्या हाती त्या कामाचा पैसा स्वतंत्रपणे येत नाही, एवढेच हे तक्ते सांगतात. एवढे सांगतात हेही थोडे नाही.

संदर्भकालाचा सापळाही येथे आहे. ४१.७ टक्के हा दर ‘नेहमीच्या स्थिती’नुसार आहे. त्यात गेल्या ३६५ दिवसांतील प्रमुख कार्य आणि किमान ३० दिवस केलेले दुय्यम कार्य, दोन्ही विचारात घेतली जातात. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाच्या रचनेत बदल होऊन मासिक अंदाजही काढले जाऊ लागले. ते ‘चालू साप्ताहिक स्थिती’वर, म्हणजे गेल्या सात दिवसांत किमान एका दिवशी एक तास काम केले किंवा कामाचा शोध घेतला काय, या प्रश्नावर आधारलेले आहेत. एप्रिल २०२५ चा स्त्रियांचा मासिक दर ३४.२ टक्के होता. तो २०२३-२४ च्या ४१.७ च्या शेजारी मांडून ‘घसरण’ असा मथळा देणे म्हणजे वर्षभराच्या पावसाची तुलना एका आठवड्याच्या पावसाशी करण्यासारखे होय. हंगामी कामाच्या प्रदेशात हा भेद विशेष जाणवतो.

सरासरीचा छेद : वेळेच्या वापराचे सर्वेक्षण

श्रमबलाच्या तक्त्यांतून निसटलेले काम पकडण्यासाठी दिवसाच्या चोवीस तासांची नोंद घेणे हा एक मार्ग आहे. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत असे प्रायोगिक सर्वेक्षण झाले व २०१९ मध्ये प्रथमच देशव्यापी सर्वेक्षण झाले. त्यानुसार घरातील व्यक्तींसाठीच्या विनामोबदला घरकामात स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे सर्वत्र उद्धृत झाले. वाचक हिशेब करतो : स्त्रियांचे काम पुरुषांच्या तिप्पट.

स्तंभाचे शीर्षक मात्र ‘सहभागी व्यक्तीमागे’ असे आहे. घरकाम ज्यांनी त्या दिवशी केले त्यांचीच ही सरासरी आहे. ६ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के सहभागी होते. सर्व व्यक्ती छेदात घेतल्या की स्त्रियांची सरासरी सुमारे २४३ मिनिटे आणि पुरुषांची सुमारे २५ मिनिटे येते. तिपटीचे अंतर जवळजवळ दसपटीचे होते. दोन्ही आकडे शासकीय, दोन्ही बिनचूक. परंतु पहिला ‘जे पुरुष घरकाम करतात ते किती करतात’ या प्रश्नाचे उत्तर आहे आणि दुसरा ‘पुरुष घरकाम किती करतात’ या प्रश्नाचे. २०२४ च्या दुसऱ्या सर्वेक्षणात सहभागी व्यक्तीमागील वेळ स्त्रियांसाठी २८९ व पुरुषांसाठी ८८ मिनिटे नोंदली गेली. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली म्हणून समाधान मानण्यापूर्वी पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली आहेत, हे पाहावे.

तक्त्याबाहेरचे आपले गाव

बीड जिल्ह्यातून व लगतच्या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावाने दिली जाते व हिशेबही जोडीचाच होतो. अशा व्यवस्थेत स्त्रीची मजुरी तिच्या नावावर वेगळी दिसत नाही. तिचा सांकेतांक ५१ पडावा हे उघड आहे; पण उत्तर देणाऱ्याने ‘ती माझ्याबरोबर असते’ एवढेच सांगितले तर प्रगणकाने काय लिहावे? २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि तो गाळप हंगामाचा काळ होता. अशा वेळी गावात न भेटणाऱ्या माणसांची नोंद फडावर नीट झाली की नाही, हा प्रश्न जिल्ह्याचा तक्ता वाचताना मनात असला पाहिजे. आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी याचे उत्तर असते. त्यांना राष्ट्रीय तक्ता पाठ करायला लावण्याऐवजी आपल्या आईला कोणता सांकेतांक मिळाला असता, हे शोधायला सांगणे अधिक शैक्षणिक ठरेल.

नमुना सर्वेक्षणाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा पाळावी लागते. २०१७-१८ च्या सर्वेक्षणात देशभरातील १,०२,११३ कुटुंबे होती. हा नमुना देशासाठी व मोठ्या राज्यांसाठी पुरेसा आहे. परंतु एका राज्यातील, एका वयोगटातील, एका व्यवसायातील स्त्रियांपर्यंत खाली उतरले की त्या चौकटीत थोड्याच व्यक्ती उरतात. तेथील दशांश चिन्हानंतरच्या अंकावर सिद्धांत उभारू नये. सोबत दिलेली प्रमाण त्रुटी पाहूनच तुलना करावी.

निष्कर्ष

वरील चिकित्सेवरून पुढील बाबी स्पष्ट होतात. तक्त्यातील आकडा हा वस्तुस्थितीचा आरसा नसून विशिष्ट व्याख्येने व विशिष्ट काळासाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. दोन वर्षांची तुलना करण्यापूर्वी व्याख्या, छेद व संदर्भकाल समान आहेत काय हे तपासणे अनिवार्य आहे. ‘एकूण’ या स्तंभापेक्षा त्याची विभागणी अधिक अर्थपूर्ण असते. तळटीप हा तक्त्याचा भाग असून ती उद्धृत न करता आकडा उद्धृत करणे अपुरे आहे.

या सर्वांतून शासकीय आकडेवारीविषयी अविश्वास बाळगावा असा अर्थ काढणे योग्य नव्हे. ज्या त्रुटींची येथे चर्चा केली त्या बहुतेक सर्व याच यंत्रणेने प्रसिद्ध केलेल्या व्याख्यांतून व टिपांतून कळतात. ‘आकडे काहीही सांगतात’ असे म्हणणारा आणि ‘आकडेच सांगतात’ असे म्हणणारा, दोघेही तक्ता न वाचताच बोलत असतात.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला. सोळा वर्षांच्या खंडानंतर येणारे ते तक्ते मोठ्या घाईने उद्धृत होतील यात शंका नाही. त्या वेळी स्त्री कामगारांची संख्या वाढली की घटली, हे विचारण्यापूर्वी ‘काम’ या शब्दाखाली प्रगणकाने काय विचारले होते, ही पुस्तिका आधी उघडावी. तक्त्याच्या कोणत्या स्तंभात आपण कोणाला बसवले, याचे उत्तरदायित्व तक्ता करणाऱ्याइतकेच तो वाचणाऱ्यावरही आहे.